खालची रेघ

छापखान्यातून तपासणीला येणारे कागद ओलसरच असत, आणि ओल्या कागदावर लाल शाई टेकवली की ती पसरते. म्हणून वेधशाळेच्या आकडेखोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली होती आणि तिच्यावर कागद चिमटे लावून वाळत घालायचे असा शिरस्ता होता. वहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या की सगळ्या सुतळीवर एकदा नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, चादरी चांगल्या धुतल्यात, पण डाग काही गेले नाहीत." डाग म्हणजे आकडे. सोळाशे चौदा ताऱ्यांचे आकडे, बारीक टायपात, ओळीखाली ओळ.

हे भाऊजी म्हणजे धाकटे. वेधशाळेत दोन सख्खे भाऊ कामाला, म्हणून दारावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरल्यांना सहासष्टावं लागलेलं, धाकट्यांना चौपन्नावं. चौपन्नाव्या वर्षीही लोक धाकटे म्हणतात म्हटल्यावर एखाद्याला राग यावा, पण यांना कधी आला नाही. लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. रात्री दुर्बीण, दिवसा झोप, जेवण वहिनींच्या हातचं. इतकं सुरळीत चाललेलं असताना माणूस तक्रार तरी कशाची करणार?

यादी होती ती न मावळणाऱ्या ताऱ्यांची. बाकीचे तारे आपल्यासारखेच असतात हो. उगवतात, वर चढतात, दमतात आणि क्षितिजाखाली जाऊन पडतात. पण ध्रुवाच्या आसपासचे काही तारे खाली जातच नाहीत. भर दुपारीसुद्धा ते आपल्या डोक्यावर असतात, उजेडात दिसत नाहीत इतकंच. असा तारा एका दिवसात ध्रुवाभोवती एक फेरी मारतो, आणि आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा दोनदा ओलांडतो: एकदा ध्रुवाच्या वरून, आणि बारा तासांनी ध्रुवाच्या खालून. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी या ताऱ्यांची यादी केली होती, पण ती इतकी चुकांनी बुजबुजलेली होती की तिच्यावर भरवसा ठेवून समुद्रात गेलेला माणूस डोंगरावर निघाला असता. ती यादी नव्याने, नीट, एकेका ताऱ्याला तीन-तीनदा बघून करायची, असं थोरल्यांनी तरुणपणी डोक्यात घेतलं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती, आणि यादी एकदाची छापायला गेली होती.

आता हे काम व्हायचं कसं, तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. दुर्बीण दोन दगडी खांबांच्या मधे बसवलेली. ती डावी-उजवीकडे वळत नसे, नुसती वर-खाली होई, बरोब्बर उत्तर-दक्षिण रेषेत. वर छपराला लांब फट. दुर्बिणीच्या भिंगात कोळ्याचा एक धागा उभा ताणून बसवलेला, कारण इतका बारीक आणि इतका सरळ धागा माणसाला विणता येत नाही. हे कोळी वहिनी घरी बरणीत पाळत. "लोकांच्या घरात मांजर असतं," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे सासरच्या मंडळींनी कोळी दिले."

तर थोरले भिंगाला डोळा लावून बसत आणि धाकटे कोपऱ्यातल्या मेजावर, झाकलेल्या कंदिलाच्या चतकोर उजेडात, वही उघडून. तारा सरकत सरकत धाग्यावर आला की थोरले म्हणत, "आला." धाकटे घड्याळाचे ठोके मनात मोजत असत, ते त्या ठोक्याची वेळ लिहीत. मग थोरले दुर्बिणीच्या बाजूच्या पितळी चाकावरून अंश वाचून दाखवत. चाकाचं शून्य ध्रुवावर बांधलेलं. तिथून वरही अंश मोजायचे आणि तिथून खालीही. तारा खालून जाणारा असेल तर थोरले शेवटी म्हणत, "खालून," आणि धाकटे आकड्याखाली एक रेघ ओढत. दुसऱ्या वेधशाळांत आख्खा शब्द लिहीत असतील, पण थोरल्यांचं म्हणणं, शब्द लिहायला दोन ठोके जातात, रेघेला अर्धा. रेघ असली की तारा खालून गेलेला, नसली की वरून. ही त्या दोघांच्या घरची भाषा होती.

रात्र-रात्र असं चाले. बोलणं नाही, हालचाल नाही, फक्त घड्याळ आणि मधूनच तो एक शब्द. धाकट्यांना कधी कधी वाटे की खोलीच हळूहळू फिरतेय, खांब, मेज, कंदील सगळ्यासकट, आणि तारे बिचारे आपल्या जागी उभे राहून आपल्याकडे बघतायत. शास्त्राप्रमाणे ते खरंही होतं म्हणा. पण शास्त्र म्हणून माहीत असणं वेगळं आणि पहाटे अडीचला पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटणं वेगळं.

मग बावीस वर्षांपूर्वी तो तारा दिसला.

त्या पहाटेच्या कामाच्या यादीत तो नव्हता. मधेच आला. फिकट, जरा तांबूस, आधी कधी न पाहिलेला. थोरले "आला" म्हणाले, धाकट्यांनी लिहिला, आणि दोन दिवसांनी आकडे मांडल्यावर लक्षात आलं की या जागी कुठल्याच जुन्या यादीत तारा नाही. नवा तारा! आख्ख्या वेधशाळेत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. वहिनींनी थोरल्यांना नवा सदरा शिवला. आता फक्त नियमाप्रमाणे अजून दोनदा बघायचा, की झालं.

आणि तो पुन्हा दिसलाच नाही. स्वच्छ आकाशाच्या अकरा रात्री थोरल्यांनी त्या जागी दुर्बीण लावली. डोळ्यांत तेल घालून बसणं काय असतं ते धाकट्यांनी तेव्हा पाहिलं. धागा होता, आकाश होतं, तारा नव्हता. बाराव्या रात्री थोरले दुर्बिणीपाशी आलेच नाहीत. सकाळी आकडेखोलीत येऊन म्हणाले, "माझे डोळे गेलेत. नसलेलं दिसायला लागलंय. अशा माणसाने या कामात राहू नये." आणि दुर्बीण धाकट्यांकडे दिली.

थोरले त्या दिवसापासून आकडेखोलीत बसू लागले. दिवसाउजेडी, खिडकीकडे पाठ करून. वर्षावर्षाला सगळे तारे केसभर सरकतात, ती दुरुस्ती एकेका आकड्यात करायची, हे काम. आणि खरं सांगायचं तर ते काम त्यांच्याइतकं चोख कुणाला जमलं नाही. पण त्या माणसाने पुन्हा वर पाहिलं नाही. रात्री अंगणातून घरात जायचं झालं तरी मान खाली. त्या नव्या ताऱ्याचा कागद समोर आला की न बोलता धाकट्यांकडे सरकवायचे. "काढून टाक तो," एकदाच म्हणाले होते. धाकट्यांनी काढला नाही. दादाचा तारा म्हणून ठेवला, बाराशे पंधरा क्रमांकाला, पुढे "एकदाच दिसला" असं लिहून. धाकट्या भावाने मोठ्या भावासाठी दुसरं काय करायचं असतं?

तर आता ही यादी छापून येणार होती. संचालक नवे होते, चाळिशीचे. अंगाने उंच, चालायचे ताठ, आणि हातात कायम एक पट्टी. ते फूटपट्टी या नावाने ओळखले जात आणि ते त्यांना माहीतही होतं. सोमवारी सकाळी ते आकडेखोलीत आले आणि म्हणाले, "बाराशे पंधरा वगळून टाका. एकदाच दिसलेल्या ताऱ्याला यादीत जागा नाही. आणि माझी प्रस्तावना बघून घ्या. गुरुवारी सकाळी सगळे कागद छापखान्यात परत जायला हवेत."

प्रस्तावना धाकट्यांनी वाचली. चांगली होती. चौथ्या परिच्छेदात वाक्य होतं: "पुढे दृष्टी अधू झाल्याने ज्येष्ठ निरीक्षकांनी वेध घेण्याचे काम सोडले." काही खोटं नव्हतं त्यात. तरी धाकट्यांनी ते पुन्हा वाचलं. एकदा छापलं की छापलं. शंभर वर्षांनी कुणी ही यादी उघडली तर त्याला थोरल्यांबद्दल एवढंच कळणार.

ते वाक्य डोक्यात घोळवत धाकटे वगळायचा तारा शोधायला सुतळ्यांच्या मधून चालू लागले. दुपारचं ऊन खिडकीतून आलेलं, कागदांतून आरपार दिसणारं. दोन्ही बाजूंनी पांढरे कागद लटकतायत, त्यांच्यावर काळे ठिपके, आणि आपण त्या उलट्या आकाशातून वाट काढतोय, असं काहीसं त्यांना वाटलं. रात्रीची झोप झालेली नव्हती, त्यामुळे जरा तरंगल्यासारखंच होत होतं.

शिपायाने कागद लावताना पानांचा क्रम पाळला नव्हता. तो कधीच पाळत नसे. यादीतली पानं, तारा वरून रेषा कितव्या तासाला ओलांडतो त्या क्रमाने असत (ताऱ्यांच्या घड्याळाने, आपल्या नव्हे); इथे सतराव्या तासाचं पान पाचव्या तासाच्या पानाशेजारी लागलं होतं, मधे एका चिमट्याचं अंतर. धाकट्यांनी बाराशे पंधरा शोधला, त्यावर लाल शाईच्या लेखणीचं टोक टेकवलं, आणि नजर सहज शेजारच्या पानावर गेली.

तीनशे एकसष्ट. ध्रुवापासूनचे अंश तेच. कला, म्हणजे अंशाचे बारीक भाग, त्याच. त्याहून बारीक विकला, त्याही जवळपास त्याच. वेळेचे तास वेगळे, इथे सतरा, तिथे पाच. पण मिनिटं तीच, बावीस.

बारा तासांचं अंतर, आणि ध्रुवापासून तितकंच दूर. म्हणजे ध्रुवाच्या पलीकडे, बरोब्बर समोर.

लाल शाईचा ठिपका कागदावर वाटाण्याएवढा झाला तरी धाकट्यांचा हात हलला नाही. मग ते तळघरात गेले आणि बावीस वर्षांपूर्वीची वही काढून आणली. वार्षिक दुरुस्ती करण्याआधीचे मूळ आकडे तिथे होते. ते त्यांनी तीनशे एकसष्टाच्या त्याच वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहिले. विकलासुद्धा जुळल्या.

तो नवा तारा नव्हताच. ओळखीचा तारा ध्रुवाच्या खालून चालला होता, क्षितिजाजवळच्या जाड हवेतून, म्हणून फिकट आणि तांबूस. थोरल्यांनी तो अगदी बरोबर पाहिला होता. वहीत त्याच्या आकड्याखाली रेघ नव्हती, एवढंच; म्हणून त्या अकरा रात्री दुर्बीण ध्रुवाच्या वर लागली होती.

धाकटे जमिनीवर बसले. खुर्ची शेजारीच होती, पण जमिनीवर बसले.

त्यांना ती पहाट आठवली. विसरले होते असं नाही, पण आठवायचं कारण पडलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी थोरल्यांना विचारलं होतं, "दादा, मला एकदा बघू दे ना." आणि थोरले म्हणाले होते, "तू लिही." बत्तीस वर्षांचा बाप्या, पण रुसला. रुसून छपराच्या फटीतून नुसत्या डोळ्यांनी वर बघत बसला. त्यात "आला" ऐकलं, वेळ लिहिली, अंश लिहिले, पुन्हा मान वर केली. "खालून" हा शब्द ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे थोरले म्हणाले नसतील असं नव्हे. थोरले म्हणाले नाहीत असं कधी झालं नव्हतं.

आणि त्या न काढलेल्या रेघेमुळे दुर्बीण कुणाला मिळाली? ज्याने रेघ काढली नाही त्याला. हे मनात आलं आणि धाकट्यांना स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं ते ज्या स्टुलावर बसत होते ते स्टूल त्यांचं नव्हतं.

सोमवारी ते काही बोलले नाहीत. मंगळवारीही तोंडाला कुलूप. आता इथे माणसाचं मन कसं असतं बघा. फूटपट्टींनी वाट मोकळी करूनच दिली होती: तारा वगळा, एक लाल काट मारा, विषय संपला. कुणाला कळायचं कारण नाही. थोरल्यांनाही आता त्याचं काय, बावीस वर्षांची जखम कशाला उकरायची, असं धाकटे स्वतःला समजावत होते. मंगळवारी दुपारी त्यांना जरा डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं. ते आकाशात ध्रुवाच्या एका बाजूला उभे आहेत, आणि पलीकडे, बरोब्बर समोर, थोरले. थोरले तोंड हलवून काहीतरी सांगतायत. अंतर फार नाही, पण आवाज येत नाही. धाकट्यांच्या हातात वही आहे, आणि ते काय लिहावं ते कळत नाही म्हणून पान उलटतायत, उलटतायत.

उठले, तोंडावर पाणी मारलं, वही काखेत घेतली आणि आकडेखोलीत गेले. थोरले नेहमीसारखे खिडकीकडे पाठ करून बसले होते.

"दादा, तो तारा."

"कुठला?"

"तुझा."

थोरल्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. "फूटपट्टींनी सांगितलंय ना वगळायला? वगळ की. मी तर केव्हाच सांगितलं होतं. नव्हताच तो."

"होता," धाकटे म्हणाले. "तो तीनशे एकसष्ट होता. खालून चालला होता. मी रेघ काढायला विसरलो."

थोरल्यांनी वही पुढे ओढली. मग शेजारचा कागद. बोटाने एक आकडा, बोटाने दुसरा. ओठ हलत होते. दुरुस्ती तोंडी करत होते. धाकटे उभेच. खोलीत घड्याळ होतं, ते चाललं होतं.

"खालून," थोरले म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी स्टुलावर होतो." ते वहीकडेच बघत बोलत होते. "वरचा तारा बघायचा तर बाकावर उताणं पडावं लागतं. खालचा असेल तर स्टूल, आणि मान अशी तिरकी. दुसऱ्या दिवशी माझी मान दुखत होती. मी म्हटलं, अरे, स्टुलावर होतो वाटतं आपण. म्हणून तुझी वही उघडून बघितली. रेघ नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "म्हटलं, मान चुकेल. वही चुकायची नाही."

यापेक्षा कानाखाली आवाज काढला असता तर बरं, असं धाकट्यांना झालं.

"का नाही काढलीस?" थोरल्यांनी विचारलं.

"वर बघत होतो. फटीतून."

"काय होतं वर?"

"काही नाही. तारेच."

वहिनी डबा घेऊन केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणाला कळलं नव्हतं. त्या आत आल्या, डबा मेजावर ठेवला. थट्टा करायची त्यांची ती नेहमीची वेळ, पण चेहरा वेगळाच होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "एक रेघ काढायला किती वेळ लागतो हो?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"अर्धा ठोका," धाकटे म्हणाले.

"बावीस वर्षं हे अंगणातून खाली मान घालून येतायत. सुरुवातीला मला वाटायचं माझंच काही चुकलं. एक वर्षभर मी हा माणूस माझ्यावर का रुसला म्हणून रडत होते." त्यांनी पदराने डब्याचं झाकण पुसलं, जे स्वच्छच होतं. "अर्धा ठोका म्हणे."

थोरल्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, टोपी घातली आणि घरी निघून गेले. डबा तसाच राहिला. वहिनी त्यांच्या मागोमाग गेल्या. त्या रात्री धाकट्यांचं जेवायला घरी जायचं धाडस झालं नाही. आकडेखोलीतच कागदांखाली झोपले. झोपले म्हणजे पडले.

बुधवारी सकाळी ते फूटपट्टींसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. फूटपट्टींनी दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवली, ओळींखाली पट्टी धरली, खाली-वर बघितलं.

"जुळतंय," ते म्हणाले. "पण आकडे जुळले म्हणजे पुरावा झाला असं नाही. तीनशे एकसष्टाचा खालून एकही वेध तुमच्याकडे नाही. तो तांबूस आणि फिकट दिसतो हे आज कोण सांगणार?"

"आज साडेआठच्या सुमाराला तो खालून जातो. मी वेध घेतो."

"घ्या. उद्या सकाळी मला वही दाखवा. जुळला तर प्रस्तावनेतलं ते वाक्य काढतो." फूटपट्टी थांबले. "पण मग काम सोडण्याचं कारण काय लिहू?"

"लेखनिकाच्या चुकीमुळे, असं लिहा."

"ते छापून येईल. तुमच्या हयातीत आणि नंतरही."

"म्हणूनच लिहा," धाकटे म्हणाले.

फूटपट्टींनी पट्टी मेजावर ठेवली. त्यांना पट्टीविना बघायची धाकट्यांची ती पहिलीच वेळ. माणूस बरा होता, नुसता ताठ होता.

संध्याकाळी पश्चिमेला ढग होते आणि धाकट्यांचा जीव टांगणीला लागला. दोरी ओढून त्यांनी छपराची फट उघडली. उजेड हळूहळू पातळ होत गेला, जसा दुधात पाणी घालत जावं तसा. उत्तरेकडे स्वच्छ होतं. ध्रुव आधी दिसला, मग त्याच्या खालचे एक-दोन. धाकट्यांनी दुर्बीण खाली आणली, चाकावरचे अंश लावले. रोज लिहायला बसणारा मुलगा गावाला गेलेला, त्यामुळे आज लिहायला कुणी नव्हतं. घड्याळ स्वतःच ऐकायचं आणि स्वतःच लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. एकट्याने तसा नीट वेध होत नाही. पण दुसरा इलाज नव्हता.

आठला पाच कमी असताना दार वाजलं. थोरले आत आले. मागे वहिनी, हातात बरणी.

"भिंगातला धागा सैल झालाय म्हणे," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, आजच्या वेधाआधी बदलायला हवा. बदलू का?"

धागा सैल झालेला नव्हता. धाकट्यांनी तो परवाच बदलला होता. ते म्हणाले, "बदला."

वहिनींनी कंदिलाशी बसून बरणीतल्या कोळ्याला काडीवर घेतलं, धागा ओढला, ताणला, बसवला. त्यांचे हात अजून थरथरत नव्हते. मग त्या दाराशी जाऊन बसल्या, घरी गेल्या नाहीत. थोरले खांबाला हात टेकून उभे होते आणि त्यांची मान खालीच होती. धाकटे स्टुलापासून बाजूला झाले आणि जाऊन मेजापाशी बसले. वही उघडली. कंदील झाकला.

मग थोरले आले आणि स्टुलावर बसले. चष्मा काढला. डोळा भिंगाला लावायच्या आधी त्यांनी मान वर केली आणि फटीतून एकदा आकाशाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. धाकट्यांनी त्या वेळी वहीकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, आज आपण वर बघायचं नाही.

"अंधुक आहे सगळं," थोरले म्हणाले.

बावीस वर्षं गेली होती. तेव्हा गेले नव्हते ते डोळे आता गेले असले तर? मग नुसता आकड्यांचा न्याय होणार आणि या माणसाला पुन्हा काही दिसणार नाही. हे त्यांनी आधी का लक्षात घेतलं नव्हतं?

"भिंग पुढे घे जरा," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्याला लावलंय ते."

थोरल्यांनी भिंग फिरवलं. "हं," ते म्हणाले.

घड्याळ चाललं होतं. धाकट्यांनी ठोके मोजायला सुरुवात केली. सत्तावीस, अठ्ठावीस. खोली हळूहळू फिरायला लागली, जुन्या वेळेसारखी: खांब, मेज, कंदील, दाराशी बसलेल्या वहिनी आणि त्यांचे कोळी, सगळे एकत्र, एकाच बाजूला. चाळीस. एकेचाळीस. थोरल्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांची मान तिरकी होती.

"फिकट आहे," थोरले हळूच म्हणाले. "तांबूस."

धाकट्यांनी मान हलवली, जरी अंधारात कुणाला दिसणार नव्हती. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

"आला."

त्यांनी वेळ लिहिली. थोरल्यांनी चाकावर वाकून अंश वाचले, एकेक, सावकाश, आवाज जरा फाटलेला. धाकट्यांनी ते लिहिले. शेवटचा आकडा लिहून झाला आणि लेखणी कागदाला टेकवून ते थांबले.

"खालून," थोरले म्हणाले.

धाकट्यांनी रेघ ओढली.

"काढलीस?"

"काढली."

"दाखव."

धाकट्यांनी कंदिलाचं झाकण उघडलं. थोरले स्टुलावरून उठून आले, चष्मा लावला, वहीवर वाकले. बराच वेळ बघत राहिले. रेघ आकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती आणि इतकी दाबून ओढलेली की कागदाला खालच्या पानापर्यंत वळ उमटला होता. थोरल्यांनी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"जाड झालीय," ते म्हणाले आणि परत जाऊन स्टुलावर बसले. "कंदील झाक. पुढचा कोण आहे?"